अमेरिकन शहरात पार्किंग लॉटच्या जागी आधी काय होतं ते कसं शोधायचं

अमेरिकेतली शहरं पहिल्यापासून गाड्यांसाठीच बांधलीत असं बऱ्याच जणांना वाटतं, पण डेट्रॉइट, बफेलोसारख्या जुन्या शहरांत आधी ट्राम होत्या, लागून लागून दुकानं होती, त्यातलं बरंच पाडून मग गाड्यांना जागा केली. हे घरबसल्या बघता येतं.

आधी मॅपवर सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि डाऊनटाऊनमधले करडे मोकळे चौकोन शोधा. मग त्याच ब्लॉकचा सॅनबॉर्न नकाशा काढा, हे आगीच्या विम्यासाठी बनवलेले नकाशे, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट मिळतात, गुलाबी रंग म्हणजे विटांची इमारत, पिवळा म्हणजे लाकडी. एकेका घराचे मजलेसुद्धा लिहिलेले असतात, तासन् तास जातात त्यात!

सुरुवात बफेलोपासून करा. प्रसिद्ध आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटने डिझाइन केलेली लार्किन बिल्डिंग, म्हणजे एका कंपनीची ऑफिस इमारत, 1906 मध्ये झाली, 1950 मध्ये पाडली, ट्रक टर्मिनल होणार होतं ते झालंच नाही आणि उरला पार्किंग लॉट. कुंपणाचा विटांचा एक खांब तेवढा आजही उभा आहे.

मग हायवे बघा. डेट्रॉइटची हेस्टिंग्ज स्ट्रीट म्हणजे कृष्णवर्णीयांची दुकानं, क्लब यांनी भरलेला रस्ता, तिच्यावरूनच क्रायस्लर फ्रीवे नेला. 1956 च्या कायद्याने इंटरस्टेटचा, म्हणजे देशभरच्या मोठ्या हायवेंचा, 90 टक्के खर्च केंद्र सरकार द्यायचं, त्यामुळे शहरांना पाडापाडी स्वस्तात पडली, आणि माझ्या मते जास्तीत जास्त नुकसान इथेच झालं.

डेट्रॉइटमध्ये असालच तर मिशिगन थिएटर चुकवू नका. 1926 चं भव्य थिएटर, शेजारच्या ऑफिस टॉवरला पार्किंग हवं होतं म्हणून 1970 च्या दशकात आतून पोखरून तीन मजली पार्किंग केलं. वर बघा, नक्षीदार प्लास्टरचं छत तसंच आहे आणि खाली गाड्या लागल्यात. हेन्री फोर्डने पहिली गाडी बनवली ती शेडही याच जागेवर होती.

उलटा प्रवास बघायचा असेल तर न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला जा, तिथला इनर लूप हा डाऊनटाऊनभोवतीचा हायवे जमिनीखाली खणून नेलेला होता, त्याचा पूर्वेकडचा खड्डा 2014 ते 2017 मध्ये बुजवला. स्ट्रीट व्ह्यूमध्ये युनियन स्ट्रीटवर उभे राहून तारीख मागे न्या, मग पुढे आणा, नव्या इमारती कुठे उभ्या राहिल्यात ते लगेच कळतं.