जुना संगणक छापखान्यात राहू द्या, इंटरनेटवर नको

कराडात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईकं बहुतेक छापखानेवाले, डीटीपीवाले आणि फ्लेक्सवाले. "ताई, हा विंडोज सातचा पीसी काढून टाकायचा का?" असं कुणी विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारून घेते. या यंत्राला नेट जोडलंय का? आणि उद्या सकाळी ते सुरूच झालं नाही, तर तुमचं काय काय जातं? यंत्र किती वर्षांचं आहे हे मी त्यानंतर विचारते, कारण निर्णय या दोन उत्तरांवरच ठरतो.

आपल्याकडे नेमकं कोणतं विंडोज आहे हे पाहून घ्या. कळफलकावरची विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, चौकटीत इंग्रजीत 'winver' (विनव्हर) टाइप करा आणि एंटर मारा. आवृत्तीचं नाव समोर येईल. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, सातचा १४ जानेवारी २०२० ला, ८.१ चा १० जानेवारी २०२३ ला आणि दहाचा १४ ऑक्टोबर २०२५ ला. अकरा दिसलं तर हा लेख तुमच्यासाठी नाही, फक्त अपडेट बंद करून ठेवू नका.

सपोर्ट संपल्यावर यंत्र मंद होत नाही, काही बंदही पडत नाही, म्हणून लोक निश्चिंत असतात. थांबतं ते एकच काम: सापडलेल्या त्रुटी दुरुस्त होऊन तुमच्यापर्यंत पोहोचणं. त्रुटी मात्र सापडतच राहतात. विंडोजच्या नव्या आवृत्तीतला बराच भाग जुन्या आवृत्तीतूनच आलेला आहे. त्यामुळे नव्यासाठी दुरुस्ती बाहेर पडली की ती वाचून हल्लेखोराला जुन्यातलं भोक कुठे आहे हे कळतं. नव्या यंत्राचं भोक त्या दिवशी बुजतं, जुन्याचं कायमचं उघडं राहतं. म्हणून सपोर्ट संपल्यानंतरचा प्रत्येक महिना आधीच्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो.

२०१७ साली हे सगळ्यांनी पाहिलं. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका त्रुटीची दुरुस्ती मार्चमध्ये आली होती. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) पसरलं ते त्याच त्रुटीतून, दुरुस्ती न घेतलेल्या यंत्रांमध्ये. कुणी काही क्लिक करायचीही गरज नव्हती, एका यंत्रातून दुसऱ्यात ते आपोआप जात होतं. त्याच वर्षी जूनच्या शेवटी आलेल्या 'नॉटपेट्या' व्हायरसनेही ही त्रुटी वापरली आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. तिथे निदान दुरुस्ती उपलब्ध होती, घ्यायची राहिली होती. विंडोज सातवाल्याला आज अशी दुरुस्ती घ्यायची म्हटली तरी मिळत नाही.

म्हणून पहिला नियम कडक आहे. ज्या यंत्राचा सपोर्ट संपलाय, त्यावरून नेटबँकिंग नाही, जीएसटी पोर्टल नाही, ई-वे बिल नाही, ईमेल नाही आणि व्हॉट्सॲप वेबसुद्धा नाही. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन तर त्या यंत्राला लावूच नका, त्या टोकनवर तुमच्या नावाने कायदेशीर कागद जातात. "अँटिव्हायरस आहे की" हे उत्तर मला रोज मिळतं. अँटिव्हायरस ओळखीच्या व्हायरसच्या फाइली अडवतो, विंडोजमधलं भोक बुजवत नाही. ब्राउझरही जुनाच आहे: विंडोज सात आणि ८.१ वर चालणारं शेवटचं क्रोम १०९ क्रमांकाचं, २०२३ च्या सुरुवातीचं. त्यानंतर क्रोममध्ये सापडलेलं सगळं तुमच्याकडे उघडं आहे.

इथपर्यंत ऐकलं की छापखान्याचे मालक म्हणतात, "मग फेकून देऊ का? त्याच्यावर तर माझा धंदा चालतो." त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. त्या यंत्रावर पानं जुळवायचं पेजमेकर आहे, श्रीलिपी किंवा आकृतीचे जुने फाँट आहेत, मागच्या पोर्टात डोंगल (ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती परवान्याची किल्ली) आहे आणि डिस्कवर गावातल्या दोन पिढ्यांच्या लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, बिलबुकं, शाळेची प्रगतिपत्रकं आहेत. पेजमेकर ७ हे २००१ चं, त्यानंतर नवी मोठी आवृत्ती आलीच नाही, आणि युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची आजची पद्धत) त्याला समजत नाही. गिऱ्हाईक येऊन सांगतं, "मागच्या वर्षीचंच छापा, फक्त तारीख बदला." अशा वेळी ती फाइल पाच मिनिटांत उघडलीच पाहिजे. हे यंत्र काढून टाका असं मी कुणालाही सांगत नाही. नेट तोडा आणि ठेवा, असं सांगते.

नेट तोडायचं म्हणजे नुसती वायर काढून शेजारी लोंबकळत ठेवायची नाही. पोरगं कामावर नवं आलं की तेच ती परत लावतं. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगांत, जाऊन ऑनबोर्ड लॅन (वायरने नेट घेणारं पोर्ट) 'डिसेबल' करा. वायफायचं यूएसबी असेल तर काढून दुसऱ्या कपाटात ठेवा. यंत्रावर जाड मार्करने लिहा: "याला नेट जोडायचं नाही." छापखान्यातल्या बाकीच्या संगणकांशी फोल्डर शेअर केलेलं असेल तर तेही बंद करा. वॉनाक्राय पसरलं ते याच वाटेने. प्रिंटर नेटवर्कवर असेल, तर या यंत्रासाठी तो थेट यूएसबी केबलने जोडा. ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढायची तर तेवढं पुरतं.

मग फाइली आणायच्या कशा? पेन ड्राइव्हने, पण शिस्तीत. एक पेन ड्राइव्ह वेगळा काढा, त्याला लाल दोरा बांधा. तो फक्त नेट असलेल्या नव्या यंत्रात आणि या जुन्या यंत्रातच फिरेल. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह जुन्या यंत्राला कधीही लावायचा नाही, तो नव्या, अपडेट होणाऱ्या यंत्रावर उघडायचा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो, ईमेलवरचा मजकूर, सगळं आधी तिथे. फोटो तिथेच उघडून टिफ किंवा जेपीईजी म्हणून नव्याने सेव्ह करा. आयफोनवरचे हेइक फोटो विंडोज सात मुळातच उघडत नाही, त्यामुळे हे काम करावंच लागतं. मग तेवढ्याच फाइली लाल दोऱ्याच्या ड्राइव्हवर घ्या. सेटअपच्या किंवा 'ईएक्सई' फाइली त्यावरून कधीच न्यायच्या नाहीत. जुन्या यंत्रात ऑटोप्ले, म्हणजे ड्राइव्ह लावताच आपोआप उघडणं, सगळ्या ड्राइव्हसाठी बंद करा. २००८ चा कॉन्फिकर व्हायरस नेटवर्कबरोबर पेन ड्राइव्हमधूनही पसरला, तो ऑटोरनच्या जिवावर. काम झालं की ड्राइव्ह नव्या यंत्रावर आणून स्कॅन करा आणि फॉरमॅट मारा. छपाईची प्लेट काढणाऱ्याला पाठवायची पीडीएफ याच रस्त्याने उलटी येईल आणि नव्या यंत्रावरून ईमेल होईल. दिवसाला थोडा वेळ जातो खरा, पण खंडणीखोर व्हायरसने सगळ्या फाइली कुलूपबंद केल्या तर पत्रिकांचा अख्खा हंगाम जातो.

आता माझा दुसरा प्रश्न: उद्या ते सुरू झालं नाही तर? सुरक्षेबद्दल सगळे बोलतात. माझ्या टेबलावर मात्र जास्त यंत्रं येतात ती डिस्क मेल्यामुळे. फिरती डिस्क वर्षानुवर्षं धुळीत चालली की जाणारच. फाइली कॉपी करून ठेवल्या की झालं, असं समजू नका. पेजमेकर, फाँट, प्रिंटरचे ड्रायव्हर, सगळं जुळवलेलं यंत्र जसंच्या तसं परत उभं राहायला हवं, आणि त्या सॉफ्टवेअरच्या सीडी आता कुणाकडे सापडत नाहीत. त्यासाठी अख्ख्या डिस्कचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, करायचा. जुनी डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या यंत्राला लावा. डिस्क रुंद पट्टीच्या केबलची असेल तर आयडीईचा अडॅप्टर घ्या, नाहीतर साटाचा. क्लोनझिला नावाचं मोफत साधन पेन ड्राइव्हवरून सुरू होतं, त्याने तितक्याच किंवा जास्त क्षमतेच्या डिस्कवर प्रत उतरवा. कुठून कुठे हे निवडताना डिस्कचं नाव आणि आकार दोनदा वाचा. दिशा उलटी झाली तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते.

क्लोन झाला की तो कपाटात टाकून मोकळं होऊ नका. जुन्या यंत्रात बसवून त्यावरून चालू करा, जुनी पत्रिका उघडा, एक प्रिंट काढा. काही सॉफ्टवेअरचा परवाना डिस्कच्या क्रमांकाशी बांधलेला असतो, ते याच वेळी कळतं. विंडोज सात असेल तर क्लोन एसएसडीवर (न फिरणाऱ्या, वेगवान डिस्कवर) करून तीच कायमची वापरा आणि जुनी डिस्क राखीव ठेवा, वेगातला फरक बघून तुम्हीच चकित व्हाल. एक्सपीला एसएसडी नीट सांभाळता येत नाही, तिथे साधी डिस्कच बरी. यंत्र उघडलंच आहे तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला. तो संपला की तारीख मागे जाते आणि बायोसची सेटिंगं मूळपदावर येतात, म्हणजे बंद केलेलं लॅन परत चालू. पॉवर सप्लायचे कपॅसिटर फुगलेत का तेही पाहा.

हे सगळं आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न या काळात करून घ्या. गणपतीची पावतीपुस्तकं सोडली तर तेव्हा हाताला उसंत असते. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका सुरू होतात आणि मग कुणीही यंत्र उघडू देत नाही.

व्हर्च्युअल मशीनचं बरेच जण विचारतात, म्हणजे नव्या संगणकाच्या आत जुनं विंडोज चालवायचं. डोंगल यूएसबीचं असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये ते आत पोहोचवता येतं, करून पाहण्यासारखं आहे, मात्र आतल्या विंडोजचंही नेट बंदच ठेवा. डोंगल जुन्या प्रिंटर पोर्टाचं असेल तर मी त्या वाटेला जात नाही.

जुनं यंत्र असं राखलं तरी नवी कामं त्यावर घेत राहू नका. नवा मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. इनडिझाइनमध्ये सीएस ६ पासून देवनागरी नीट जुळते, आणि मोफत हवं असेल तर २०२४ च्या सुरुवातीला आलेलं स्क्राइबस १.६ आहे. जुन्या फाइलींपैकी ज्या पुन्हा लागतात, त्यांची फाँटसकट पीडीएफ काढा, म्हणजे दिसायला तरी त्या कायम राहतील. पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर मात्र कचराच निघतो, कारण आतली अक्षरं जुन्या फाँटच्या सांकेतिक जागांवर बसलेली असतात. मजकूर पुन्हा वापरायचा असेल तर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि माणसाकडून वाचून घ्या, विशेषतः रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी. पत्रिकेत वधूचं नाव चुकलं तर कागद तुमच्याच पदरचा जातो.

घरच्या संगणकाची गोष्ट सोपी आहे. विंडोज दहा असेल तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणीचा पर्याय शोधा. मायक्रोसॉफ्टचं खातं आणि २२एच२ ही आवृत्ती लागते. घरगुती यंत्रांना त्यातून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात. अकरासाठी टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर चालतात. ही अट चुकवून अकरा टाकून देणारे आहेत, पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणून कामाच्या यंत्रावर मी ते करत नाही. जुन्या कोअर टू ड्युओवर तर अकराच्या २४एच२ पासूनच्या आवृत्त्या सुरूच होत नाहीत.

अशा यंत्रावर, चार जीबी रॅम असेल तर, मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट या प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि मराठी इनस्क्रिप्ट कळफलकाने टाइप करता येतं. आधी पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून पाहा: वायफाय, आवाज, आणि मुख्य म्हणजे प्रिंटर. काही जुन्या लेझर प्रिंटरना लिनक्सवर चालवणं फार जिकिरीचं जातं, ते डिस्क पुसण्याआधी कळलेलं बरं. घरात कुणी जीसीसी-टीबीसीची (सरकारी संगणक टायपिंग परीक्षेची) तयारी करत असेल, तर सरावापुरतं जुनं विंडोज नेटशिवाय खुशाल ठेवा.

नव्या यंत्रावर गेलात की बँक, ईमेल, जीएसटी यांचे पासवर्ड त्या नव्या यंत्रावरूनच बदला. जुन्या ब्राउझरमध्ये साठवलेले पुसून टाका. जुनं यंत्र काढायचंच ठरलं तर नुसतं डिलीट पुरत नाही. फिरती डिस्क शून्यांनी भरून पुसा, जमत नसेल तर ड्रिलने आरपार भोकं पाडा. यंत्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या. आणि ते दुकानाबाहेर जाण्याआधी मागच्या पोर्टांवरून एकदा हात फिरवा, डोंगल तिथेच राहिलेलं असतं.