एक लेकरू, सहा डॉक्टर

अमेरिकेत येऊन आम्हाला चौदा वर्षं झाली. लेक आता सोळाचा आहे. त्याला फिट्स येतात, जी-ट्यूबमधून, म्हणजे थेट पोटात बसवलेल्या नळीतून, फीड देतो, व्हीलचेअर लागते. दर उन्हाळ्यात कुणाचा तरी फोन येतोच: "ताई, आम्ही पुढच्या महिन्यात येतोय, आमच्या मुलीचंही असंच आहे, काय काय आणू?" तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढते.

आणायचं काय ते आधी. एमआरआयचा नुसता रिपोर्ट नको, सीडी आणा. इथला डॉक्टर चित्रं स्वतः बघायला मागतो. औषधांची ब्रँडची नावं इथे कुणाला कळत नाहीत, मूळ औषधाचं नाव लिहा. पॅरासिटॅमॉल हे नावसुद्धा इथे चालत नाही, ॲसिटामिनोफेन म्हणतात. आणि सगळ्या तारखांमध्ये महिना अक्षरांत लिहा. आपण ०४/०७ लिहितो ते ४ जुलै म्हणून, इथे वाचतात ७ एप्रिल. आमच्या फाइलमध्ये एक ऑपरेशन कितीतरी वर्षं चुकीच्या महिन्यात बसलं होतं.

आता मुख्य गोष्ट. आमचे सहा स्पेशालिस्ट एकाच इमारतीत बसतात आणि एकच कॉम्प्युटर वापरतात. मी धरून चालले की ते आपसात बोलत असणार. बोलत नाहीत. मुलगा पाच वर्षांचा असताना पोटाच्या डॉक्टरांनी पोट लवकर रिकामं व्हावं म्हणून एरिथ्रोमायसिन सुरू केलं. फिट्ससाठी कार्बामाझेपिन आधीपासून चालू होतं. एरिथ्रोमायसिनमुळे कार्बामाझेपिन शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, रक्तात साठत जातं. चौथ्या दिवशी मुलगा उलट्या करून नुसता पडून, डोळे उघडेनात. नवं औषध दुसऱ्या दुकानातून घेतलेलं, त्यामुळे फार्मसिस्टच्या कॉम्प्युटरलाही काही दिसलं नाही. तेव्हापासून माझा नियम: सगळी औषधं एकाच फार्मसीतून. नवं औषध लिहून दिलं की तिथेच विचारायचं, "आधीच्या यादीशी हे जुळतं का?" डॉक्टरला असं विचारायला आपल्या लोकांना संकोच वाटतो. इथे कुणाला त्याचं काही वाटत नाही, उलट ते खूश होतात.

सगळे धागे एकाच्या हातात असावेत म्हणून अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६७ मध्ये 'मेडिकल होम' ही कल्पना मांडली. नावावर जाऊ नका, ते काही घर किंवा संस्था नव्हे. अर्थ एवढाच की तुमचा नेहमीचा पीडियाट्रिशियन सगळ्यांची पत्रं वाचतो आणि गाडी रुळावर ठेवतो. असा माणूस निवडताना त्याच्या डिग्र्या बघत बसू नका. तुमच्याकडे केअर कोऑर्डिनेटर, म्हणजे सगळ्या डॉक्टरांचा ताळमेळ बसवणारी बाई, आहे का, तिचा थेट फोन नंबर मिळेल का, एवढं विचारा. लहान मुलांच्या बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत आपल्यासारख्या गुंतागुंतीच्या आजाराच्या मुलांसाठी 'कॉम्प्लेक्स केअर' नावाचं वेगळं क्लिनिक असतं. आपण नाव घेऊन मागितल्याशिवाय ते कुणी सुचवत नाही.

आणि एक पान तयार ठेवा. इमर्जन्सीसाठीचा एक फॉर्म याच अकॅडमीने इमर्जन्सीच्या डॉक्टरांच्या संघटनेबरोबर बनवला आहे, तो भरा. फ्रिजवर एक, व्हीलचेअरच्या पिशवीत एक, शाळेत एक. त्यात सगळ्यात मोलाची ओळ रोगाच्या नावाची नसते. मूल बरं असताना कसं असतं, ती असते. रात्री दोन वाजता आमच्या मुलाला पहिल्यांदाच बघणारा रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) म्हणाला, "हा नजर देत नाही." अरे बाबा, तो कधीच देत नाही! काळजीची गोष्ट ही होती की तो डाव्या हाताने चादर ओढत नव्हता, जी तो एरवी सतत ओढतो. ते त्या पानावर लिहिलेलं होतं, म्हणून पुढचे दोन तास वाचले. वजन किलोतच लिहा, डोस एमएलमध्ये, चमचा हा शब्दच नको. खाली तारीख टाका.

आता ती चूक, जी मी सगळ्यांना ओरडून सांगते. नवऱ्याने नोकरी बदलली. पगार वाढला, आम्ही आनंदात. नव्या कंपनीचं इन्शुरन्स तीस दिवसांनी सुरू होणार होतं. महिन्याचाच तर प्रश्न, म्हणून सोडून दिलं. घरी कोब्राचं, म्हणजे नोकरी सुटल्यावरही जुनं इन्शुरन्स चालू ठेवू देणाऱ्या कायद्याचं, जाडजूड पाकीट आलं, हप्त्याचा आकडा बघून मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं. एकोणिसाव्या दिवशी फिट थांबेना, आयसीयू, सहा दिवस. बिल आलं तेव्हा नोकरी सुटून अडीच महिने झाले होते.

मग कळलं ते असं. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीचं इन्शुरन्स नोकरी सुटल्यावर साधारण १८ महिने चालू ठेवता येतं. हप्ता सगळा आपला, वर २ टक्के. पण घ्यायचं की नाही हे ठरवायला ६० दिवस असतात, आणि घेतलं की ते मागच्या तारखेपासून लागू होतं. म्हणजे काही घडेपर्यंत थांबून, घडल्यावर फॉर्म भरला असता, तरी ते सहा दिवस त्यात बसले असते. ड्रॉवरमधल्या त्या पाकिटापायी आम्ही चार वर्षं हप्ते फेडले. पाकीट फेकू नका. साठावा दिवस कॅलेंडरवर लाल शाईने लिहा.

दुसरं, जुन्या इन्शुरन्सने दिलेली प्रायर ऑथोरायझेशन्स, म्हणजे आधी घ्यावी लागणारी मंजुरी, आपोआप नव्याकडे जात नाहीत. फीडिंग पंप, फॉर्म्युला, महागडं औषध, सगळ्याची मंजुरी नव्याने. जुनं बंद होण्याआधी औषध घेऊन ठेवा. आणि पहिलं "नाही" आलं म्हणून गप्प बसू नका: इन्शुरन्स कंपनीकडे अपील करायला १८० दिवस मिळतात, तिथेही नाही म्हणाले तर बाहेरच्या तटस्थ तज्ज्ञाकडे जाता येतं. फोनवर बोललात की तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर वहीत. इथली माणसं गोड बोलतात, "वी विल रीच आउट" म्हणतात आणि कुणीही फोन करत नाही. राग धरू नका, फोन आपणच लावा.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी प्रत्येक राज्यात अर्ली इंटरव्हेन्शन, म्हणजे लवकर थेरपी आणि मदत देणारी सरकारी सेवा, आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आपण स्वतः फोन करू शकतो. आम्ही आलो तेव्हा मुलगा दोनचा होता, आम्हाला कळलं तो तीनचा व्हायला सहा आठवडे असताना. तीननंतर शाळा आणि आयईपी, म्हणजे शाळेने त्या एका मुलासाठी लिहून दिलेली शिक्षणाची योजना. व्हिसा कोणता, याचा शाळेच्या दाराशी संबंध नाही. मेडिकेडचं, म्हणजे सरकारी इन्शुरन्सचं, राज्यागणिक वेगळं आहे. काही राज्यांत आई-बापाचा पगार न बघता फक्त मुलाचं उत्पन्न धरतात, त्याला केटी बेकेट म्हणतात. तुमच्या व्हिसावर मिळेल का, हे इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपला नको. बाकी काहीही विचारायला प्रत्येक राज्यात 'फॅमिली टू फॅमिली' केंद्र आहे, फुकट. फोनवर असंच मूल सांभाळणारा पालक भेटतो.

आपल्या लोकांबद्दल एकच. "प्रेग्नन्सीत काय झालं होतं?" हा प्रश्न इथेही येतो, तोही मुलासमोर. मी उत्तर देणं बंद केलंय. दुसरं म्हणजे नवरे एक्सेल बनवतात आणि फोन बायका लावतात. वहिनींनी लगेच इन्शुरन्सकडे आपलं नाव नोंदवून घ्यावं, पोर्टलचा पासवर्ड आपल्याकडे ठेवावा; नाहीतर नवरा मीटिंगमध्ये आणि तुम्ही होल्डवर, समोरची म्हणते पॉलिसी तुमच्या नावावर नाही, बोलता येणार नाही.

आणि भावजी, ऑफर लेटर आलं की जॉइनिंग बोनस नंतर विचारा. आधी एचआरला विचारा, इन्शुरन्स कोणत्या तारखेपासून.