जपानी नकार कानाला ऐकू येत नाही: या चुका टाळा

टोकियोत आलो त्या पहिल्याच महिन्यात मी मीटिंगमध्ये कामाची तारीख सुचवली. समोरच्या साहेबांनी मान तिरकी केली, दातांतून सूऽऽ करत हवा आत ओढली आणि म्हणाले, "सोरे वा चोत्तो..." पुढे काहीच नाही. मला वाटलं, शब्द शोधतायत. मी तीच तारीख टाकून मेल पाठवून मोकळा! दोन दिवसांनी सीनियरनं कॉफी मशीनपाशी गाठून हळूच सांगितलं, अरे, ते नाही म्हणाले होते.

'चोत्तो' म्हणजे 'जरा'. अर्धवट सोडलं की 'जमणार नाही'. 'मुझुकाशीई देस ने', म्हणजे 'अवघड आहे', हेही तेच. इथे आपण हमखास फसतो. अवघड आहे म्हणाले की आपण उत्साहानं तीन पर्याय मांडतो आणि त्या माणसाला तीनदा नकार द्यायला लावतो. 'केन्तो शिमास', विचार करतो, हे बऱ्याचदा आपल्या 'बघू'चं सख्खं भावंड. खरं तर आपल्याला हे कळायला हवं. नको असलेल्या स्थळाला 'पत्रिका जुळत नाही' कळवणारी माणसं आपण.

मग करायचं काय? 'चालेल का?' विचारू नका, 'कधी सोयीचं पडेल?' विचारा. वाक्य अर्धवट राहिलं तर ते पुरं करायला धावू नका, गप्प बसा. आणि महत्त्वाचा विषय मीटिंगमध्ये पहिल्यांदा काढूच नका. आधी एकेकाला गाठून अंदाज घ्या. याला 'नेमावाशी' म्हणतात. झाड हलवण्याआधी मुळांभोवती खणून ठेवतात, त्यावरून आलेला शब्द.

बोलताना समोरून येणारा 'हाय, हाय' म्हणजे होकार धरू नका. फोनवरचं आपलं 'हं... हं' आहे ते.

घराच्या बाबतीत माझी चूक जास्त लाजिरवाणी. लिफ्टजवळ कागद लागला: रात्रीच्या आवाजाबाबत सर्व रहिवाशांनी कृपया काळजी घ्यावी. पुणेरी पाट्या वाचत वाढलेल्या माणसाला 'सर्व रहिवासी' म्हणजे आपण सोडून बाकीचे वाटतात. तिसऱ्या आठवड्यात तोच कागद थेट माझ्या टपालपेटीत आला. रात्री साडेदहाला चटणीसाठी फिरणारा मिक्सर माझाच होता. खालच्या आजी रोज हसून नमस्कार करत होत्या, हे विशेष. मिक्सर संध्याकाळवर आणला, मिठाईचा छोटा डबा घेऊन माफी मागून आलो. सबबी सांगितल्या नाहीत, तेवढं बरं केलं.

न बोललेलं ओळखण्याला 'कूकी ओ योमु' म्हणतात, हवा वाचणं. ज्याला ती वाचता येत नाही त्याला 2007च्या सुमारास 'केवाय' ('कूकी योमेनाई', हवा वाचता न येणारा, याची इंग्रजी आद्याक्षरं) म्हणायची टूम निघाली होती. म्हणजे खुद्द जपानी माणसंही यात चुकतात.

उलटी चूकही होते. दुकानात पिशवी हवी का विचारल्यावर मी 'दाइजोबु', चालेल, म्हणालो. तिथे त्याचा अर्थ 'नको'. दोन ओनिगिरी (भाताचे गोळे), चहाची बाटली आणि छत्री छातीशी कवटाळून बाहेर पडलो.