पुणे, मिसिसागा आणि एकवीस सुटी गाणी

गीतकार इथे, संगीतकार तिकडे, आणि दोघांनी मिळून रॉक ऑपेरा, म्हणजे रॉक गाण्यांतून सलग सांगितलेली एक गोष्ट, करायचा, असं ठरवलंय ना? करा. पण आत्ताच ‘आमची सोळा गाणी तयार आहेत’ असं कौतुकाने सांगत असाल, तर जरा थांबा. आमची एकवीस होती.

मी पुण्यात असते. शाळेत मराठी शिकवते आणि शब्द लिहिते. दादा मिसिसागात, म्हणजे टोरांटोला लागूनच. सख्खा नाही, कॉलेजात दोन वर्षं पुढे होता, पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमींपासून मी त्याला दादाच म्हणते. तो दिवसा एका गोदामाचे हिशेब बघतो आणि रात्री तळघरात गिटार घेऊन बसतो. विषय आमच्या डोक्यात फार वर्षं होता: पानशेत. १२ जुलै १९६१. आधी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं, आणि मुठा नदी पुण्याच्या पेठांमध्ये शिरली. आदल्या रात्री जवान मातीच्या बांधावर वाळूची पोती रचत होते. नुसत्या या एका दृश्यावर ड्रम्स ऐकू येतात की नाही सांगा.

लांबून जोडीने लिहिता येतं का, ही शंका मनातून काढा. येतं. गायक-संगीतकार एल्टन जॉन आणि गीतकार बर्नी टॉपिन १९६७ साली एकाच जाहिरातीला उत्तर देऊन एकत्र आले आणि पुढे जन्मभर शब्द आधी, चाल नंतर, तीही वेगळ्या खोलीत, असंच काम करत राहिले. ‘द पोस्टल सर्व्हिस’ नावाच्या जोडीने तर टेपा टपालाने एकमेकांना पाठवून २००३ मध्ये अख्खा अल्बम काढला, नावसुद्धा त्यावरूनच पडलं. आणि मराठीला रॉक ऑपेराचं वावडं आहे असंही नाही. दिग्दर्शक अलेक पदमसींनी १९७४ मध्ये मुंबईत ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हा इंग्रजी रॉक ऑपेरा केला तेव्हा ज्युडासच्या भूमिकेत होता गायक नंदू भेंडे. तोच पुढे १९७८ च्या ‘तीन पैशाचा तमाशा’ या नाटकात मराठीतून गायला. म्हणजे वाट आहे, आपण काही जंगल तोडायला निघालेलो नाही.

फक्त एक बघा. वर ज्या दोन जोड्या सांगितल्या, त्या गाणी पाठवत होत्या. सुटी गाणी. हे मला तेव्हा दिसलं असतं तर दीड वर्ष वाचलं असतं. त्याकडे येतेच.

आधी किरकोळ गोष्टी. उन्हाळ्यात टोरांटो आपल्यामागे साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं बदलतात आणि त्या आठवड्यात भांडण होतं. आमचं दर वेळी झालं. ऑनलाइन एकत्र वाजवायचा नाद करू नका. मध्ये साडेबारा हजार किलोमीटर आहेत, आवाज जाऊन यायलाच इतका वेळ लागतो की ताल धरता येत नाही. फाइली पाठवा, त्या ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे आवाजाचा दर्जा उतरत नाही, आणि सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाज किती वेळा मोजायचा तो आकडा, पहिल्याच दिवशी ठरवून टाका. दादाचं प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झवर होतं, माझं ४४.१ वर. माझ्या जुन्या सॉफ्टवेअरने न बदलता ती फाइल तशीच उघडली. तीन मिनिटांचं गाणं सव्वातीन मिनिटांचं झालं आणि जवळजवळ दीड सेमीटोन (पेटीवरच्या शेजारच्या दोन सुरांतलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) खाली उतरलं. मी दुपारभर त्यावर गायले आणि वर दादाला कळवलं, ‘‘काय भारदस्त झालंय रे या वेळी!’’ असो.

आता मुख्य खड्डा.

आमची पद्धत अशी होती. मी शब्द पाठवायचे. आठ-दहा दिवसांनी चाल यायची. मी ती बसमध्ये कानात घालून वीस वेळा ऐकायचे, डोळे पाणवायचे, ‘‘दादा, हे सगळ्यात भारी झालंय’’ असा निरोप जायचा. मग पुढचं. प्रत्येक गाणं वेगळं यायचं, वेगळं ऐकलं जायचं, वेगळं मंजूर व्हायचं. वाढदिवसाच्या भेटीसारखं. आणि भेट म्हटली की ती पूर्ण असावी लागते: हळुवार सुरुवात, मध्ये ठिणगी, शेवटच्या मिनिटात स्फोट. एकवीस गाणी, एकवीस स्फोट. त्यातली नऊ एकाच स्केलमध्ये, ई मायनरमध्ये, कारण रात्री दमून आलेल्या माणसाचा हात गिटारवर आपोआप तिथेच जातो. हे मला वर्षभर कळलं नाही, त्यालाही नाही. कळणार कसं? दोन गाण्यांच्या मध्ये दहा दिवस जात होते. आमच्या कानाने एकामागोमाग दोन गाणी कधी ऐकलीच नव्हती.

एका डिसेंबरात दादा तीन आठवडे घरी आला. त्यांच्या सदाशिव पेठेतल्या घरी सतरंजी घातली, सात-आठ मित्र बोलावले, लॅपटॉप स्पीकरला जोडला आणि पहिल्यांदा सगळं सलग लावलं. एक तास चौतीस मिनिटं. काकू, म्हणजे दादाची आई, पहिल्या रांगेत भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुरात त्या अकरा वर्षांच्या होत्या. पहिलं गाणं झालं, टाळ्या. दुसरं, टाळ्या. चौथ्याला कोणीतरी फोन काढला. सहाव्यानंतर जी शांतता झाली तिच्यात काकू माझ्याकडे वळून अगदी सहज म्हणाल्या, ‘‘अगं, पाणी कधी येणार?’’

पाणी सतराव्या गाण्यात येणार होतं.

त्याआधीच्या सोळा गाण्यांत काय होतं? शिंपिणीची घालमेल. कारकुनाची घालमेल. जवानाची घालमेल. नदीची घालमेल, हो, नदीलासुद्धा एक गाणं होतं आणि ते मला अजून आवडतं. प्रत्येक जण पुढे येऊन आपल्या मनातलं सांगत होता आणि कोणीही काहीही करत नव्हतं. पुण्यात बसून पानशेतची गोष्ट ऐकणाऱ्या माणसाला पाणी येणार की नाही ही उत्सुकता नसतेच. कधी येणार आणि तेव्हा कोण कुठे असणार, एवढंच त्याला हवं असतं. आम्ही त्याला तासभर ताटकळत ठेवून घालमेल ऐकवत होतो.

हे पुन्हा सांगते, कारण तुम्ही मान डोलवाल आणि नेमकं तेच कराल. चूक गाण्यांची नव्हती, चूक पद्धतीची होती. एकाच गावात असतो तर तिसऱ्याच महिन्यात कोणाच्या तरी गच्चीवर सगळं सलग वाजवलं असतं, नुसतं जांभया मोजून कळलं असतं. लांब राहणाऱ्यांना गच्ची नसते. ती मुद्दाम बांधावी लागते. सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता करून बघायचं, नाटकवाले याला रनथ्रू म्हणतात आणि कच्च्या तालमीतसुद्धा तो करतात. पुरुषोत्तममध्ये मी स्वतः डझनभर रनथ्रू केले असतील, तरी मला इथे त्याची आठवण झाली नाही, कारण फाइल समोर आली की आपण श्रोते होतो, नाटकवाले राहत नाही.

मग आम्ही काय केलं? रविवारची एकच फाइल. सगळा ऑपेरा पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग जोडलेला. जे गाणं झालेलं नाही तिथे दादा नुसता क्लिक, म्हणजे वेग मोजणारी टिकटिक, टाकतो आणि मी त्यावर बोलते: ‘इथे कारकून बायकोला खोटं सांगतो, दोन मिनिटं.’ ओबडधोबड, लाज वाटेल असं. फोन चालू ठेवायचा, दोघांनी तीन-दोन-एक म्हणून एकाच वेळी प्ले दाबायचं आणि मध्ये थांबायचं नाही. मध्ये बोलायचंही नाही. वहीत वेळ टिपून ठेवायची. पहिल्या तीन रविवारी ऐकून झाल्यावर आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. चौथ्या रविवारी दादा म्हणाला, ‘‘अगं, सलग ऐकलं की आपलीच गाणी एकमेकांना खातात.’’ त्या दिवशी खरं काम सुरू झालं.

सोबत एक तक्ता. कोण गातं, कोणाला उद्देशून, गाण्याआधी परिस्थिती काय, गाण्यानंतर काय, स्केल, वेग. ‘आधी’ आणि ‘नंतर’ या दोन रकान्यांत तेच लिहावं लागलं तर गाणं बाद. एकवीसची चौदा झाली. नदीचं गाणं गेलं. मी दोन दिवस दादाचा फोन उचलला नाही, हे इथे कबूल करते.

घाबरू नका मात्र. बाद झालेली सगळी वाया जात नाहीत. नदीच्या गाण्याची चार मात्रांची धून आता पाणी येतं तिथे बेसवर वाजते, शब्दांशिवाय. दुसऱ्या एका गाण्याचं ध्रुवपद कारकुनाच्या तोंडी दोन ओळींपुरतं आलं. पाया असतोच, वर रचलेलं उतरवायला मात्र धीर लागतो.

शब्दांबद्दल एकच गोष्ट, कारण गीतकारांना ती कोणी सांगत नाही. माझी एक ओळ होती: ‘मुठेच्या काठी थांबलं शहर’. दादाच्या चालीत शेवटचा सूर दोन आवर्तनं लांबवलेला. आता ‘शहर’ लांबवून बघा. ‘र’वर ताणलं तर ‘शहरऽऽ’ होतं आणि क्षणात संगीत नाटकातलं पद सुरू झाल्याचा भास होतो. तिथे तो शेवटचा ‘अ’ शोभतो, मागे ऑर्गन असतो. डिस्टॉर्शनच्या, मुद्दाम खरखरीत केलेल्या गिटारपुढे तोच ‘अ’ केविलवाणा वाटतो. ‘ह’वर ताणलं तरी हाती ‘अ’च येतो. आम्ही ओळ फिरवली: ‘शहर थांबलं मुठेच्या काठाला’. तोंड उघडलं, ‘ला’ कितीही ओढा. लांब सुराखाली आ, ए, ओ ठेवा, अकारान्त शब्द आत ढकला. आपल्याकडे जुन्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या गाण्याचं नाव छापलेलं असायचं, म्हणजे शब्द सुरांच्या मापाने शिवण्याची सवय आपल्या भाषेला जुनी आहे. लाजू नका, मोडा ओळी.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत कडवट आहे, तेवढं धरून वाचा. आम्ही एका ‘मेंटॉर’ला पैसे देऊन चार गाणी ऐकवली. त्यांनी चारही सुटी ऐकली, चारही वाखाणली आणि ‘मिक्स जरा मोठं करा’ म्हणाले. ज्याने स्वतः तासाभराचं काही रंगमंचावर पूर्ण केलेलं नाही, त्याला ऑपेराबद्दल विचारू नका, मग त्याची गाणी कितीही गाजलेली असोत. त्यापेक्षा तमाशाच्या फडात ढोलकी वाजवलेला माणूस गाठा. प्रेक्षक कुठे उठतो हे त्याला पाठ असतं. तयार लूप्स, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारे आयते तुकडे, आणि बटण दाबून मिळणारे डेमो यांबद्दलही तेच. त्यांतून गाणं लवकर पुरं होतं, आणि लवकर पुरं झालेलं गाणंच तर आमच्या मुळावर आलं होतं.

पैशांचं आणि नावाचं पहिल्या महिन्यात लिहून ठेवा. निदान एक ईमेल तरी हवीच, आणि तिला दोघांनी ‘मान्य’ असं उत्तर द्यायचं. आपल्या कायद्यात शब्द ही साहित्यकृती आणि चाल ही संगीतकृती, दोन्ही वेगळ्या मोजल्या जातात. म्हणून ‘आपलं दोघांचं’ या शब्दांना अर्थ नसतो, कशातलं किती ते लिहा. आम्ही सगळ्यात निम्मं-निम्मं केलं, बाद गाण्यांतसुद्धा. तेच बरं, नाहीतर कोणतं गाणं काढायचं या वादात पैशाचा वास येतो. महाराष्ट्रात प्रयोग करणार असाल तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते, म्हणजे गाण्यांच्या मधलं बोलणंही कागदावर हवं. आम्ही अजून तिथवर पोचलेलो नाही. आधी ध्वनिमुद्रण करायचं ठरवलंय. सुपरस्टारवाल्यांनीही तेच केलं होतं: १९७० मध्ये आधी अल्बम, रंगमंच नंतर.

सध्या पाणी सहाव्या गाण्यात येतं. दादा येत्या डिसेंबरात पुन्हा येतोय आणि काकूंना ऐकवायचं आहे. त्यांनी आधीच विचारून ठेवलंय, या वेळी खुर्च्या आहेत का, सतरंजीवर दीड तास बसवत नाही. मी म्हटलं, काकू, खुर्च्या आणते, पण आता ते तासाभराचंच आहे.