नाशिकच्या गच्चीवर केशराचं फूल कसं फुलवायचं

क्रोकस हे थंड मुलखातलं फूल. वसंतात फुलणाऱ्या रंगीत जातींना आपली थंडी पुरत नाही. त्यांचे कंद कागदी पिशवीत घालून १२-१३ आठवडे फ्रीजमध्ये ठेवावे लागतात, तेही सफरचंद-केळ्यांपासून लांब, कारण त्या फळांतून सुटणाऱ्या वायूने आतली कळी मरते. एवढा खटाटोप नको असेल तर केशर लावा. तोही क्रोकसच, पण शरद ऋतूत फुलणारा. काश्मीरमध्ये पांपोरला पिकतो तो हाच.

कंद ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मागवा. दिसायला लसणाच्या एककळी गड्ड्यासारखा, वर तपकिरी जाळीदार साल. दाबून टणक लागला पाहिजे आणि वजन ८-१० ग्रॅम तरी हवं. त्याहून लहान कंद बहुतेक नुसती पानंच देतो.

आल्या आल्या मातीत पुरू नका. मी पुरले होते. अंगणातली काळी माती, त्यात परतीचा पाऊस. पंधरा दिवसांनी उकरलं तर सालीच्या आत आंबूस वासाचा लगदा! बारातला एकही वाचला नाही.

आता मी कंद शेंडा वर करून, एकमेकांना न टेकवता, पसरट टोपलीत ठेवतो. जागा घरातलीच, सावलीची, हवेशीर. माती नाही, पाणी नाही. कळी कंदाच्या आत उबेत तयार होते, त्यामुळे ऑक्टोबर हीटला घाबरायचं कारण नाही. बाहेर यायला मात्र तिला १७ अंशांच्या आसपास गारवा लागतो. म्हणून दिवाळीच्या सुमारास रात्री गार व्हायला लागल्या की टोपली उत्तरेच्या खिडकीत न्यायची. पांढरे कोंब सुटतात आणि मातीशिवायच फूल येतं.

ते फूल सकाळी सावकाश बघावं. सहा जांभळ्या पाकळ्या, त्यांवर गडद रेषा, तीन पिवळे पुंकेसर आणि पाकळ्यांबाहेर लोंबणारे तीन लालभडक तंतू. हे तंतू म्हणजेच केशर. तुमच्या फुलात सहा पुंकेसर दिसले तर ते केशर नव्हे. केशरासारखंच दिसणारं कोल्चिकम विषारी असतं, तेव्हा एवढं मोजून घ्याच.

फूल उमललं त्याच दिवशी तंतू चिमटीने काढून कागदावर सावलीत वाळवा आणि घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. १ ग्रॅम केशराला साधारण १५० फुलं लागतात, तेव्हा दहा कंदांवर व्यापाराची स्वप्नं नकोत. वाटीभर श्रीखंडापुरतं मिळतं. मसाला दुधात घालायचं म्हटलं, तर कोजागिरी तोवर होऊन गेलेली असते.

फुलं संपली की लगेच कंद कुंडीत लावा, चार बोटं खोल. निम्मी लाल माती, निम्मी जाड वाळू आणि मूठभर कुजलेलं शेणखत. तळाला भोक हवंच. पूर्ण ऊन द्या, पाणी मात्र वरची माती सुकल्यावरच. उंदीर-घुशी असतील तर वर जाळी टाका.

जुना कंद दर वर्षी आटून जातो आणि त्याच्या अंगावर नवी पिल्लं धरतात. ती पोसायला पानं हिरवी राहिली पाहिजेत, पण आपल्याकडे फेब्रुवारी सरता सरता ऊन तापतं आणि पानं लवकर पिवळी पडतात. मग पाणी थांबवायचं, सुकलेली पानं काढून कंद उकरायचे आणि वजन करायचं. गेल्या मार्चमध्ये माझ्याकडे एकोणीस पिल्लं निघाली. त्यातली ८ ग्रॅमच्या वर भरली ती दोन.