स्प्रिंग बूटमधील कॉन्फिगरेशन क्लासची मांडणी

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य असे पाच बाजार आहेत. तिथल्या आडत्यांसाठी आपण स्प्रिंग बूटमध्ये (जावा भाषेत ॲप्लिकेशन लिहिण्याच्या चौकटीत) एक वेब ॲप्लिकेशन लिहीत आहोत असे धरू. पहाटे आलेल्या मालाची आवक नोंदवायची, दिवसाचे दर साठवायचे, शेतकऱ्याची हिशेबपट्टी काढायची आणि त्याला एसएमएस पाठवायचा, एवढे त्याचे काम. अशा प्रकल्पात सुरुवातीलाच ‘ॲपकॉन्फिग’ नावाचा एक कॉन्फिगरेशन क्लास, म्हणजे ॲप्लिकेशनचे भाग कसे तयार करायचे हे सांगणारा क्लास, तयार होतो आणि डेटाबेस, लॉगिन, एसएमएस, ठरावीक वेळी चालणारी कामे असे सारे हळूहळू त्यातच साचत जाते. हा क्लास कुठे फोडावा आणि कुठे फोडू नये, याचा विचार इथे केला आहे.

विभागणीचा निकष एकच ठेवावा : ज्या गोष्टी एकाच कारणाने बदलतात त्या एकाच क्लासमध्ये असाव्यात. एसएमएस पाठवणारी सेवा बदलली तर फक्त एसएमएसचा कॉन्फिगरेशन क्लास उघडावा लागला पाहिजे, आणि तो एसएमएसच्याच पॅकेजमध्ये (क्लासच्या गटात) सापडला पाहिजे. सगळे कॉन्फिगरेशन क्लास एका ‘कॉन्फिग’ पॅकेजमध्ये गोळा करण्याची पद्धत दिसायला नीटनेटकी असली, तरी माझ्या मते ती टाळावी. नव्याने आलेल्या सहकाऱ्याला हिशेबपट्टीचा कोड वाचताना तिचे बीन (स्प्रिंग स्वतः तयार करून सांभाळते ते ऑब्जेक्ट) शेजारीच दिसायला हवेत. डेटाबेस, जेसन (माहितीच्या देवाणघेवाणीचे स्वरूप) यांसारख्या खरोखर सामाईक गोष्टींपुरते तेवढे वेगळे पॅकेज ठेवावे.

मात्र प्रत्येक पॅकेजमध्ये ‘मॉड्यूलकॉन्फिग’ असे एकच नाव वापरू नये. स्कॅन होणाऱ्या, म्हणजे स्प्रिंग आपोआप शोधून घेते त्या, क्लासचे बीन-नाव पॅकेज वगळून, केवळ क्लासच्या नावावरून ठरते, त्यामुळे दोन पॅकेजमध्ये तेच नाव आले की ॲप्लिकेशन सुरूच होत नाही. ‘आवककॉन्फिग’, ‘दरकॉन्फिग’ अशी पूर्ण नावे द्यावीत. हीच गोष्ट ‘@बीन’ मेथडची (‘@’ने सुरू होणारी खूण, म्हणजे ॲनोटेशन, लावलेली आणि बीन तयार करून देणारी मेथड), कारण मेथडचे नाव हेच बीनचे नाव असते. स्प्रिंग बूट 2.1 पासून एका बीनवर दुसरा बीन चढवणे मुळातच बंद आहे. अशी टक्कर झाली की सेटिंग बदलून ती मुभा पुन्हा सुरू करण्याचा मोह होतो, पण तसे केल्याने नेमका कोणता बीन वापरला जातो हे कोडवरून कळेनासे होते. नाव बदलणे हाच योग्य उपाय आहे.

ॲप्लिकेशन जिथून सुरू होते त्या मुख्य क्लासवर ‘@स्प्रिंगबूटॲप्लिकेशन’ याखेरीज काहीही नसावे, हा नियम मी कटाक्षाने पाळण्याची शिफारस करेन. समजा, नोंद कोणी आणि केव्हा केली हे आपोआप साठवण्यासाठी कोणी ‘@एनेबलजेपीएऑडिटिंग’ तिथे लावले (जेपीए म्हणजे जावातून डेटाबेस वापरण्याची प्रमाणित पद्धत). ‘@वेबएमव्हीसीटेस्ट’ वापरणारी चाचणी फक्त वेबचा थर उभा करते, पण मुख्य क्लास तिला वाचावाच लागतो. त्यामुळे ती डेटाबेसच्या एंटिटी (तक्त्यांशी जोडलेले क्लास) शोधू लागते आणि त्या न सापडल्याने कोसळते. दर दाखवणाऱ्या कंट्रोलरच्या (विनंतीला उत्तर देणाऱ्या क्लासच्या) चाचणीचा जेपीएशी काहीही संबंध नसताना ती लाल, म्हणजे अयशस्वी, दिसते. तेच ॲनोटेशन वेगळ्या ‘@कॉन्फिगरेशन’ क्लासवर ठेवले, तर अशा चाचण्या तो क्लास स्कॅन करत नाहीत, आणि जिथे गरज असेल तिथे तो ‘@इम्पोर्ट’ने आणता येतो.

आता ‘@कॉन्फिगरेशन’च्या ‘प्रॉक्सीबीनमेथड्स’ या गुणाकडे (ॲट्रिब्यूटकडे) वळू. नेहमीच्या ‘@कॉन्फिगरेशन’ क्लासचा स्प्रिंग चालू असतानाच एक उपक्लास बनवते, म्हणून एका बीन मेथडने दुसरीला थेट हाक मारली तरी आधी तयार झालेलाच बीन परत मिळतो. स्प्रिंग 5.2 पासून हा गुण ‘फॉल्स’ करता येतो. उपक्लास बनत नाही, ॲप्लिकेशन थोडे हलके होते. पण मग ‘डेटासोर्स()’ (डेटाबेसची कनेक्शन पुरवणारा बीन देणारी मेथड) ही थेट हाक साधी जावा मेथड ठरते आणि दुसरा डेटासोर्स तयार होतो. स्प्रिंग बूट वापरते त्या हिकारी लायब्ररीचा पूल (तयार कनेक्शनचा साठा) मुळात 10 कनेक्शनपर्यंत जातो, म्हणजे वापर सुरू होताच डेटाबेसवर आणखी 10 कनेक्शनचा भार पडू शकतो, आणि कंटेनरला (बीन सांभाळणाऱ्या स्प्रिंगच्या भागाला) हा डेटासोर्स ठाऊकच नसल्याने तो शेवटी बंदही केला जात नाही. म्हणून लागणारा बीन नेहमी मेथडच्या पॅरामीटरमधून घ्यावा, म्हणजे हा गुण काहीही असला तरी कोड बरोबर चालतो.

पत्ते, चाव्या, मुदती अशी मूल्ये ‘@व्हॅल्यू’ने जागोजागी न विखुरता ‘@कॉन्फिगरेशनप्रॉपर्टीज’ लावलेल्या एका रेकॉर्डमध्ये (केवळ मूल्ये धरणाऱ्या क्लासमध्ये), समान उपसर्गाखाली ठेवावीत आणि त्यावर मूल्ये तपासून घेणारे ‘@व्हॅलिडेटेड’ लावावे. आवश्यक म्हणून नोंदवलेली एसएमएसची चावी राहून गेली, तर ते पहिल्या शेतकऱ्याला संदेश पाठवताना नव्हे, सर्व्हर सुरू होतानाच कळते.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र विभागणी थांबवावी. आडत्यांच्या लॉगिन पानांसाठी एक आणि मोबाइल ॲपच्या टोकनसाठी (ओळख पटवणाऱ्या सांकेतिक मजकुरासाठी) दुसरी अशा दोन फिल्टर साखळ्या (आलेली विनंती तपासणाऱ्या टप्प्यांच्या मालिका) असतील, तर आलेली विनंती जिच्याशी प्रथम जुळते तीच साखळी लागू होते. मार्गाचे बंधन नसलेली साखळी आधी आली, तर दुसरीचा उपयोगच उरत नाही. इथे क्रमालाच अर्थ असल्यामुळे दोन्ही साखळ्या एकाच क्लासमध्ये, एकाखाली एक, क्रम सांगणाऱ्या ‘@ऑर्डर’सह लिहाव्यात.

जुना क्लास फोडताना एका वेळी एकच गट हलवावा आणि त्याच वेळी मेथडची नावे बदलू नयेत. आधी आपल्या मशीनवर ॲक्चुएटर या स्प्रिंग बूटच्या देखरेख-सुविधेचा ‘बीन्स’ एंडपॉइंट (सगळ्या बीनची यादी देणारा पत्ता) उघडा करून त्याचे उत्तर जपून ठेवावे, बदल केल्यावर पुन्हा घ्यावे आणि दोन्ही ताडून पाहावेत. नव्या कॉन्फिगरेशन क्लासची नावे वाढलेली दिसतील आणि हलवलेल्या बीनपुढे तो कुठून आला याची नोंद बदललेली असेल. याखेरीज कोणताही फरक दिसला, तर पुढचा गट हलवण्यापूर्वी त्याचे कारण शोधावे.