पहिली गरम पोळी स्वतःच्या ताटात : स्वतःची काळजी घ्यायला सुरुवात कुठून करायची

"स्वतःकडे लक्ष दे गं" असं सगळेच म्हणतात, पण सकाळी कणीक मळत असताना ते लक्ष नेमकं कसं द्यायचं हे कोणी सांगत नाही, म्हणून मी काय केलं ते लिहितेय. मी इंदूरची, रामबागेत राहते, घरात आम्ही सहा जणं.

सगळ्यात आधी रक्त तपासून घ्या. मला दोन वर्षं वाटत होतं की आपण आळशी झालोय, चिडक्या झालोय, जिना चढला की धाप लागायची, मुलांवर ओरडायचे आणि मग रात्री रडायचे, शेवटी तपासलं तर हिमोग्लोबिन ८.६, बायकांना १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया धरतात. मी आपला स्वभाव सुधारायला निघाले होते आणि अंगात लोहच नव्हतं! थायरॉईड, शुगर, बीपी पण त्याच वेळी बघून घ्या. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या, गोळी आणि चहा यांच्यात तासभर तरी अंतर ठेवायचं, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली लागू पडते, आणि शी काळी होते त्याला घाबरू नका. बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका, मी एकदा सोडल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू कराव्या लागल्या.

मग एकच गोष्ट धरा. एकच. मी जेवण धरलं, कारण मी सगळ्यांच्या शेवटी, ओट्याशी उभ्यानेच जेवायचे, कढईत उरलेली भाजी पोळीच्या तुकड्याने पुसून घ्यायची की झालं जेवण. आमच्याकडे तव्यावरची पोळी थेट ताटात लागते ना, मग करणारीने बसायचं कधी? तर मी सगळ्या पोळ्या आधीच करून डबा टेबलाच्या मधोमध ठेवला आणि स्वतःचं ताट वाढून घेऊन बसले. पहिल्या दिवशी मुलाने सवयीने हात पुढे केला, "आई, गरम?" मी म्हटलं डब्यात आहेत, घे. हे बोलताना छातीत धडधडत होतं, खरंच सांगते. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण आठवड्याभराने त्यांनीच माझ्या पोळीवर तूप घातलं आणि हळूच म्हणाल्या, "मी पण उभ्यानेच जेवले गं, इतकी वर्षं."

तुमची गोष्ट वेगळी असेल, पण ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधा, म्हणजे कुकर उतरला की ताट, दूध तापलं की चपला घालून बाहेर. आणि २१ दिवसांत सवय लागते म्हणतात ते मनावर घेऊ नका, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले होते, कुणाला १८ तर कुणाला २५४, आणि एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हे पण त्यातच दिसलं. मला तरी तीन महिने लागले.

चालणं नंतर आलं, जरा ताकद आल्यावर. आठवड्याला १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा तास, मी सकाळी राजवाड्यापर्यंत जाऊन येते, दुकानं उघडलेली नसतात, छान मोकळं असतं. झोप सात तास, मोबाईल चार्जिंगला बाहेरच्या खोलीत.

एक मात्र आवर्जून सांगते, दोन आठवड्यांच्या वर कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ताट-बीट राहू दे, १४४१६ वर फोन करा, टेलिमानस म्हणजे मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, सरकारी, फुकट, दिवसरात्र.

आता बदल म्हणाल तर तो मी ठरवून केलेला नाही. रोज बसून जेवायला लागले तर मुलगा स्वतःचं ताट धुवायला लागला, माझे संध्याकाळचे वीस मिनिटं वाचले, आणि "मी जेवले का" हे स्वतःला विचारता विचारता "मला हे करायचंय का" हे पण विचारायला लागले. दर दिवाळीला नातेवाईकांच्याही धरून पाच किलोच्या चकल्या मी एकटी पाडायचे, खांदा धरायचा, तोंडातून शब्द काढला नाही कधी. या वर्षी नणंदेला फोन केला, आधी कागदावर लिहून ठेवलं होतं काय बोलायचं ते, आणि म्हटलं, ताई, यंदा मी एकच किलो करणार आहे, बाकीच्या विकत आणू या.

ती म्हणाली, "बरं. शेव पण आणायची का?"